आधी रूळ, मग इंजिन

पहाटे साडेपाचला करजणच्या स्टेशन रस्त्यावर कोणी धावताना दिसलं, तर त्याचा इथे एकच अर्थ होतो. वडोद्याची गाडी सुटायला आली आहे आणि हा माणूस पासवाला आहे. मी पहिल्यांदा बूट घालून पळायला निघालो, तेव्हा दुधाचे कॅन लावलेली एक मोटरसायकल शेजारी येऊन थांबली. "बेसी जाव काका, स्टेशने उतारी दऊं." मी म्हटलं, गाडी नाही पकडायची. मग पळता कशाला, या प्रश्नाचं उत्तर मला गुजरातीत देता आलं नाही. खरं तर मराठीतही आलं नसतं.

ही पुस्तिका त्या उत्तराच्या भानगडीत पडत नाही. ज्यांचं ठरलं आहे, निदान अर्धंमुर्धं ठरलं आहे, की आयुष्यात एकदा ट्रायथलॉन करून बघायची, त्यांच्यासाठी ती आहे. तीन खेळांपैकी एखादा बरा जमतो, दुसरा शाळेत सुटला, तिसऱ्याची भीती वाटते, असा वाचक आमच्या डोळ्यांपुढे होता. आम्ही सगळे तसेच होतो.

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं, आणि या सगळ्यात घड्याळ एकदाही थांबत नाही. ओल्या अंगाने सायकलपाशी येऊन मोजे चढवायला तुम्ही जो वेळ लावाल, तोही तुमच्याच नावावर जमा. लोकांना या खेळाची ओळख होते ती बहुधा 'आयर्नमॅन' या शब्दातून, आणि तिथेच घोटाळा होतो. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२.२ किलोमीटरची अख्खी मॅरेथॉन, हे आकडे ऐकून धडधाकट माणूसही खुर्चीत मागे सरकतो. पण तो या कुटुंबातला थोरला भाऊ, आणि जन्माने मात्र धाकटा. पहिली ट्रायथलॉन झाली ती २५ सप्टेंबर १९७४ रोजी, अमेरिकेत सॅन डिएगोच्या मिशन बे इथे. तिथल्या धावपटूंच्या क्लबातल्या जॅक जॉनस्टोन आणि डॉन शॅनहन या दोघांनी बुधवारच्या संध्याकाळी, कामं आटपल्यावर, गंमत म्हणून ती भरवली. ४६ जण आले. अंतरं किरकोळ होती. तरीही शेवटच्या मंडळींना अंधार गाठलाच आणि मोटारींचे दिवे पाण्यावर टाकावे लागले. आयर्नमॅन त्यानंतरचा, फेब्रुवारी १९७८ मधला. हवाईच्या ओआहू बेटावर जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या दांपत्याने, पोहणारे दमदार की धावणारे की सायकलवाले, हा वाद मिटवायला बेटावरच्या तीन शर्यतींची अंतरं एकापुढे एक जोडली. १५ जण निघाले, १२ पोचले, गॉर्डन हॅलर पहिला आला. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, म्हणून त्यांनी त्याला बिअर पाजली, हा किस्सा या खेळातला प्रत्येकजण सांगतो. गुजरातेत ती सोय नाही, हे एका परीने बरंच.

२००० साली सिडनीत हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला तो १५०० मीटर, ४० किलोमीटर आणि १० किलोमीटर या मापात. याचं बरोबर निम्मं केलं की होते 'स्प्रिंट': ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं. पुस्तिका एवढ्याच अंतराची आहे. ७५० मीटर म्हणजे २५ मीटरचा तलाव तीस वेळा ओलांडणं. २० किलोमीटर म्हणजे करजणहून वडोद्याच्या वाटेवर अर्ध्याहून थोडं पुढे. ५ किलोमीटर तर आपल्या आज्या देवदर्शनाला चालत जायच्या.

मराठी माणसाला आता हे नवं राहिलेलं नाही. मिलिंद सोमणने २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकला पूर्ण आयर्नमॅन केली आणि घरोघरी तो शब्द पोचला. २० ऑक्टोबर २०१९ ला पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर अर्ध्या अंतराची आयर्नमॅन भरली, तेव्हापासून परदेशी जाण्याची सबबही गेली. कोल्हापूरकर राजाराम तलावात उड्या मारतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत भारताकडून ट्रायथलॉनला उतरलेल्या दोन मुलींपैकी एक महाराष्ट्राची संजना जोशी आणि दुसरी आमच्या अहमदाबादची प्रज्ञा मोहन. ही नावं अभिमानाने घ्यावीत आणि तयारीला बसताना बाजूला ठेवावीत. त्यांचं वेळापत्रक आपल्याला लागू नाही.

आता पाण्याकडे येतो, कारण नवख्याची पहिली शर्यत पाण्यात ठरते. तिथे कोणी फारसं जिंकत नाही, पण पुष्कळजण तिथूनच परततात. आणि त्याहून किती तरी जास्त लोक नावच नोंदवत नाहीत.

आमच्या भागात तर पाणी हा विषयच अवघड. वडोद्यातून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. ही काही दंतकथा नाही. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा त्या सोसायट्यांच्या आवारात येऊन बसल्या होत्या. करजण तालुक्याच्या कडेने नर्मदा जाते, पात्र बघून कोणालाही वाटावं की पोहायला याहून चांगली जागा ती कुठली. पण वाळूच्या उपशाने तळात कुठे खड्डा पडला असेल ते वरून दिसत नाही, आणि वर सरदार सरोवरातून पाणी सुटलं की खालची पातळी बघता बघता चढते. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिलेली माणसं या नदीने नेली आहेत. सरावाला नदीत एकट्याने उतरायचं नाही, गावतळ्यातही नाही. या बाबतीत पुस्तिकेत कुठेही 'शक्यतो' हा शब्द वापरलेला नाही. वडोद्याला लालबागेत आणि सरदार बागेत तरणतलाव आहेत, खाजगीही निघाले आहेत. आठवड्यातून दोनदा गाडीने जाऊन यायचं, पासवाल्यांच्या गर्दीतून, पिशवीत ओला टॉवेल घेऊन. आम्ही तेच केलं.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांत पोहणं शिकवायची रीत निराळी होती. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, त्याआधीच्या पिढीत वाळलेला भोपळा, आणि मुलाला विहिरीत ढकलायचं. नाकातोंडात पाणी गेलं की पोरगं आपोआप हातपाय मारतं. या रीतीने शिकलेले लोक बुडत नाहीत, पण लांबही जात नाहीत. डोकं पाण्याबाहेर, मान ताठ, म्हणून कंबर खाली, म्हणून पाय आणखी खाली. अंग तिरपं झालं की प्रत्येक हाताला पाणी ढकलण्याऐवजी स्वतःलाच वर उचलावं लागतं. मी याच शाळेतला. शेचाळिसाव्या वर्षी तलावात उतरलो आणि पंचवीस मीटरला कठडा धरून धापा टाकू लागलो. आदल्याच आठवड्यात मी दहा किलोमीटर पळालो होतो, त्यामुळे अपमान जरा जास्तच लागला. शिकवणाऱ्या गृहस्थांनी थोडा वेळ बघितलं आणि विचारलं, "काका, श्वास घेताय खरा, पण सोडताय कुठे?"

सगळी मेख तिथे आहे. नवखा माणूस पाण्यात तोंड घातलं की श्वास कोंडून धरतो आणि तोंड वर आलं की त्या पळभरात सोडणं आणि घेणं दोन्ही उरकायला बघतो. आत हवा साचते, जीव घाबरा होतो आणि त्याला वाटतं आपला दमसास कमी पडतोय. दमसास पुरेसा असतो. पाण्यात तोंड असताना नाकातोंडाने बुडबुडे सोडत राहायचं आणि मान वळवल्यावर फक्त घ्यायचं, एवढं अंगवळणी पडायला मला सहा आठवडे लागले. काहींना दोन लागतात. आमच्या गटातल्या बायका यात पुरुषांच्या पुढे निघून गेल्या. त्यांनी ताकद लावून बघण्याचा टप्पाच गाळला, असं माझं निरीक्षण आहे. घरी ते मान्य झालं, बाहेर अजून व्हायचं आहे.

उघड्या पाण्यात तळाची निळी पट्टी नसते. दर सात-आठ हातांनी डोळे पाण्याच्या जरा वर काढून पुढचा तरंगता फुगा हेरायचा. नुसते डोळे, अख्खं डोकं नाही. वडोदेकरांना हे फार समजावून सांगावं लागत नाही. विश्वामित्रीच्या पुलावर उभं राहून मगर बघितलेल्या कोणालाही ते लगेच कळतं. आणि एक गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही म्हणून इथेच सांगतो. शर्यतीत फ्रीस्टाइलच पोहायला हवं असा नियम नाही. दम लागला तर उताणं होऊन तरंगता येतं, बेडकासारखं पोहता येतं, बचावाच्या होडीची कड धरून विसावताही येतं; होडीने तुम्हाला पुढे ओढता कामा नये, इतकंच. सुरुवातीला गर्दीत लाथा बसतात. कडेला उभं राहावं, सगळे गेले की दहा आकडे मोजून निघावं. त्या दहा सेकंदांनी काहीही बिघडत नाही.

सायकलीबद्दल थोडक्यात, कारण त्याबद्दल सल्ला द्यायला गावात प्रत्येकजण तयार असतो. पहिल्या शर्यतीसाठी लाखाची सायकल घेऊ नका. घरातली गिअरवाली चालते, जाड टायरची चालते, उसनी तर फारच उत्तम. खर्च करायचा असेल तर हेल्मेटवर करा, आणि सीटची उंची कोणा जाणत्याकडून लावून घ्या. गुडघ्यांची निम्मी दुखणी तिथून सुरू होतात. आमचा हा कानम प्रदेश, काळ्या मातीचा आणि कपाशीचा, सपाट. चढ नाही म्हणून नवख्याला आनंद होतो आणि मग समोरून वारा येतो. चढ संपतो तरी, वारा संपत नाही. हायवेवर, भरथाण्याच्या टोलनाक्याच्या बाजूला, ट्रकांच्या रांगेत सराव करण्यात काहीही शौर्य नाही. नव्या एक्सप्रेस-वेवर तर सायकलीला मज्जावच आहे. आतले रस्ते धरावेत. त्यांवर वेड्या बाभळीचे काटे असतात, म्हणून पंक्चर काढायला घरी शिकून घ्या, अंगणात, उजेडात, चहाचा कप शेजारी ठेवून. रस्त्यावर शिकायची वेळ येते तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असतं.

आमचा ठरलेला रस्ता नारेश्वरचा. ज्या मराठी घरांत दत्ताची उपासना आहे त्यांना हे नाव सांगायला नको. मूळचं देवळ्याचं, रत्नागिरीकडचं वळामे घराणं, त्यातले पांडुरंग गोध्र्याला जन्मले आणि १९२५ मध्ये नर्मदाकाठच्या या रानात येऊन राहिले. पुढे रंग अवधूत महाराज म्हणून दोन्ही भाषांतले लोक त्यांच्याकडे येऊ लागले. रविवारी सकाळी सायकली झाडाखाली लावून आम्ही तिथे बसतो. हंगामात परिक्रमावासी भेटतात, बरेचसे मराठी. एकदा साठी उलटलेल्या एका बाईंनी आमच्या घट्ट कपड्यांकडे आणि मनगटावरच्या घड्याळांकडे बघून विचारलं, रोज किती होतं? मी आकडे सांगितले. त्या म्हणाल्या, आम्ही मोजत नाही, पाय फुगले की थांबतो. त्यांच्या झोळीत दोन लुगडी, एक कमंडलू आणि तेलाची बाटली होती. मी त्या वेळी तीन प्रकारचे एनर्जी जेल खिशात घेऊन फिरत होतो. पुढच्या रविवारपासून राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर आले, आणि पोटाची तक्रार गेली.

खाण्यापिण्याचं एक वेगळं प्रकरण पुस्तिकेत आहे, पण त्यातला एक धोका आधीच सांगतो. उन्हात नुसतं पाणी पीत सुटलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि माणूस आणखी घायाळ होतो. लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी, चवीला जरा खारट. आणि शर्यतीच्या दिवशी पोटात काहीही नवं घालायचं नाही, कितीही चकाकत्या वेष्टनातून आलं तरी.

आता मियागामच्या रुळांची गोष्ट. करजणात राहून ती न सांगणं बरं दिसणार नाही. खंडेराव गायकवाडांच्या काळात, १८६२ साली, डभोई ते मियागाम अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू झाली. हिंदुस्थानातली ही पहिली नॅरोगेज. ती ओढायला बैल होते. पुढच्याच वर्षी या मार्गासाठी विलायतेत इंजिनंही बनली, पण रूळ हलके. बैलांच्या गाडीपुरते टाकलेले. १८७३ मध्ये भक्कम रूळ पडले आणि १८८० च्या सुमाराला कुठे इंजिनांचा रोजचा वावर सुरू झाला. तोवर बैलच.

पळायला लागलेल्या माणसाच्या शरीरात हेच घडतं. हृदय आणि फुप्फुसं चटकन सुधारतात, महिना-दीड महिन्यात जाणवण्याइतकी. जिना चढताना धाप लागत नाही, माणूस खूश होतो, अंतर दुप्पट करतो. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, नडगीचं हाड, टाचेमागची शीर, यांना तयार व्हायला कित्येक महिने लागतात. इंजिन आलं, रूळ तेच जुने. मग नडगी दुखते, टाच सकाळी जमिनीवर टेकवत नाही. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, ते बाशिंग पुढे निळ्या पट्टीचं होतं आणि फिजिओथेरपिस्टकडे मिळतं. मी ते चार महिने बांधलं. म्हणून पुस्तिकेतला पळण्याचा आराखडा वाचताना तुम्हाला तो बावळट वाटेल. पहिले तीन आठवडे त्यात पळण्यापेक्षा चालणं जास्त आहे, आणि वेग इतकाच की शेजाऱ्याशी बोलता यावं. बोलायला शेजारी नसेल तर मारुतिस्तोत्र म्हणावं. मध्येच अडखळलात तर वेग जास्त आहे. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि साखर किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने, हा आराखडा उघडण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं. घरात कोणाला लवकर हृदयविकार झाला असेल तर तरुणांनीही.

वडोदा हे तसं तालमींचं शहर. जुम्मादादा व्यायाम मंदिर, प्रो. माणिकराव, ही नावं ऐकतच इथली मराठी मुलं वाढली. जोर, बैठका, मल्लखांब, लाठी. ताकद कमवायची ती परंपरा मोठी आहे आणि मी तिचा ऋणी आहे, पण तिथून आलेल्या माणसाला एक गोष्ट जड जाते: हातचं राखून व्यायाम करणं. घाम निथळला नाही तर दिवस फुकट गेला, असं त्याला वाटतं. ट्रायथलॉनच्या तयारीत आठवड्यातले बहुतेक दिवस असे 'फुकट' जातात.

शेवटी सांध्यांबद्दल, शरीराच्या नव्हे, शर्यतीच्या. पाण्यातून सायकलीकडे आणि सायकलीवरून धावण्याकडे, या दोन बदलांना खेळात टी-वन आणि टी-टू म्हणतात. नवख्याचा इथे जितका गोंधळ उडतो तितका कुठेच उडत नाही. नियम सोपा आहे. सायकलीला हात लावण्याआधी हेल्मेटचा पट्टा बंद, आणि परत आल्यावर सायकल जागेवर टांगेपर्यंत तो उघडायचा नाही. मी तो इतका मनावर घेतला की माझ्या पहिल्या शर्यतीत धावण्याचा पहिला किलोमीटर हेल्मेट घालूनच पळालो. रस्त्याच्या कडेची पोरं टाळ्या वाजवत होती, मला वाटलं कौतुक चाललंय. सायकलीवरून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं पाय आपले वाटत नाहीत. लाकडाचे वाटतात, किंवा दुसऱ्याच कोणाचे तरी. ते अपेक्षित आहे, घाबरून थांबू नका, पावलं बारीक टाका. दर आठवड्याला एकदा सायकल झाली की लगेच, पाणी पिण्यापुरतंही न बसता, दहा मिनिटं पळायचं. याला ब्रिक म्हणतात. ब्रिक का म्हणतात याची उत्तरं वेगवेगळी आहेत. त्यानंतर पाय विटांसारखे होतात, हे मला पटलेलं.

आराखडा सोळा आठवड्यांचा आहे. बाजारात आठ आठवड्यांचेही मिळतात. ज्यांना पोहता येतं त्यांना ते पुरतील. लग्नसराई, कपाशीची वेचणी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, यांत किमान दोन आठवडे जाणार हे धरूनच सोळा केले. गेलेला आठवडा पुढच्या आठवड्यात कोंबायचा नाही, तो गेला असं समजायचं. एप्रिल-मेमध्ये आराखडा सुरूच करू नका. आमच्याकडे तेव्हा सकाळी आठलाच रस्ता तापलेला असतो.

मागची चार पानं मुद्दाम कोरी सोडली आहेत, रोजचं लिहून ठेवायला. माझ्या जुन्या वहीतलं पहिलं पान काल काढून बघितलं. तारीख आहे, वार आहे, आणि खाली एवढंच: दोन किलोमीटर, निम्मे चालत, एका दूधवाल्याने थांबवलं.